चेहरा कोरा ठेवा

सहाच्या बातम्या लागल्या की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसायची. तिच्यात गेली एकोणीस वर्षं एकच बाई उभी असायची. काळे कपडे, घट्ट मागे बांधलेले केस आणि सतत चालणारे हात. ज्यांना ऐकू येतं त्यांचं तिच्याकडे फारसं लक्ष जात नसे. चॅनेलमध्ये सगळे तिला ताई म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांनी डोकं खाजवलं असतं.

ही हातांची भाषा ती कुठल्या वर्गात बसून शिकली नव्हती. तिच्याहून चार वर्षांनी मोठा दादा जन्मापासून ठार बहिरा होता. आई दिवसभर कामावर, घरात ही दोघंच. तोंडातून पहिला शब्द फुटायच्या कितीतरी आधी तिचे हात बोलायला लागले. पोरगी उशिरा बोलते म्हणून आईने तिला डॉक्टरकडेही नेलं होतं. पोरगी तर दिवसभर अखंड बडबडत होती, फक्त आवाज काढत नव्हती.

दादा पुस्तकबांधणीचं काम करायचा. त्याची बायको वारली आणि इकडे ताईच्या नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला, तेव्हापासून दोघं भावंडं पुन्हा एका घरात राहत होती. ताई चोपन्न वर्षांची, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. दादा रोज सहाला हातातली खळ धुऊन टीव्हीसमोर बसायचा आणि ती घरी आली की तिच्या चुका काढायचा.

त्या वर्षी सीमेवरच्या एका चौकीला आग लागली आणि चार शिपाई मेले. आग आतून लागली की पलीकडून कुणी लावली, याची चौकशी व्हायची होती. तिला पंधरा दिवस लागणार होते. चॅनेलला तेवढी सवड नव्हती. संध्याकाळपर्यंत पडद्याखाली लाल पट्टी आली, "बदला कधी?" आणि तिच्या शेजारी दिवस मोजणारा आकडा. एक. दोन. तीन. आकडा वाढेल तसा निवेदकाचा आवाज चढत गेला. एरवी हा माणूस मेकअपच्या खोलीत घसा जपायला कुजबुजत बोलायचा. गुडघ्याला कुठलं तेल चांगलं ते ताईला विचारायचा. दिवे लागले की तोच टेबलावर मूठ आपटून सैन्याला हुकूम सोडायचा.

चौकशीचा निकाल कधी आला ते कुणालाच कळलं नाही. तोवर गोष्ट मंत्र्यांच्या हातात गेली होती. मंत्री रोज एक भाषण करायचे, आणि चॅनेल ते दिवसातून दहा वेळा दाखवायचं.

मंत्र्यांच्या बोलण्याने ताईचा जीव मेटाकुटीला यायचा. ऐकणाऱ्याला शब्द मिळाले की भागतं. तिच्या भाषेत तसं चालत नाही. "आमच्या संयमाचा बांध फुटला आहे," असं मंत्री म्हणाले, त्या दिवशी ती दमलेली होती, शब्दाला शब्द लावून मोकळी झाली. घरी आल्यावर दादाने काळजीने विचारलं, "कुठलं धरण फुटलं? किती गावं गेली?" दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी शत्रूची नांगी ठेचली, तर दादाच्या मंडळातल्या एकाने निरोप पाठवला की मंत्र्यांच्या बंगल्यात विंचू फार झालेत का. कर्णबधिर मंडळात त्यावर आठवडाभर हसणं चाललं.

तेव्हापासून ती नेहमीसारखं अर्थच सांगायला लागली. पण अर्थ सांगायचा म्हणजे चित्र काढावं लागतं. कोण मारणार, कशाने मारणार, कुठे मारणार, आणि पडणार कोण. मंत्री म्हणाले, "सीमेपलीकडची घाण आम्ही साफ करणार." ताईच्या हातांनी सांगितलं की आपलं सैन्य पलीकडे जाणार, तिथल्या गावांवर बॉम्ब टाकणार, तिथली माणसं मरणार. आणि चेहऱ्याने सांगितलं की बरीच मरणार. या भाषेत थोडं की फार, खरं की शंका, हे सगळं भुवया, गाल आणि ओठच सांगतात.

दोन दिवसांनी बुलेटिनच्या प्रमुखाने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. हा तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर तीन अर्धवट कप.

"बसा ताई. एक तक्रार आहे."

"कुणाची?"

"मंत्र्यांच्या सचिवांची." त्याने डोळे चोळले. "त्यांच्या आईला ऐकू येत नाही. त्या रोज तुम्हाला बघतात. परवा त्यांनी मुलाला जेवायला वाढता वाढता विचारलं, तुम्ही लोक एवढी माणसं मारणार आहात का? तो बिचारा घास हातात घेऊन बसला."

"मग काय सांगितलं त्याने?"

"ते माझ्याजवळ कशाला बोलतील? ताई, मंत्र्यांनी 'सफाई' म्हटलं होतं. तुम्ही काय दाखवलंत?"

"सफाई म्हणजे काय करणार आहेत ते."

"तसं ते म्हणाले का?"

"मग काय म्हणाले? झाडू घेऊन जाणार आहेत का?"

तो जरासा हसला. पण नंतर त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, मला सगळं कळतं. पण वरून फोन आला आहे. शब्दाला शब्द लावा. सफाई म्हटलं की सफाई, मोहीम म्हटलं की मोहीम. आणि चेहरा कोरा ठेवा. तुमचा चेहरा फार बोलतो."

"चेहऱ्याशिवाय आमच्या भाषेत वाक्य पुरं होत नाही."

"अर्धं तर अर्धं," तो म्हणाला. "चौकट बंद करा असंही कुणी सुचवलं होतं. मीच म्हटलं, नको."

ती उठली. चौकट राहिली तर निदान काहीतरी पोचेल, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर वाद घालायचं बळच तिच्यात उरलं नव्हतं. पाठ दुखत होती, बसला गर्दी असणार होती, आणि दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत.

त्या दिवसापासून तिचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. हात शब्द मोजून टाकत राहिले.

घरी दादाने विचारलं, "आज तोंडाला इस्त्री करून गेली होतीस का?"

तिने काय झालं ते सांगितलं. दादा बराच वेळ कापलेल्या पुठ्ठ्याच्या कडांवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याच्या हातांनी एवढंच म्हटलं, "मला काही कळलं नाही आज. बाकीच्यांनाही नसेल कळलं."

"मी तुला घरी सांगते ना सगळं."

"मला सांगशील. बाकीच्यांना कोण सांगणार?"

तिने ताटं घेतली.

बाकीच्यांमध्ये एक घड्याळवाला होता. दादाचा शाळेपासूनचा जिवलग. बहिऱ्यांच्या शाळेत दोघं एका बाकावर बसलेले, एकत्र मार खाल्लेले. घड्याळवाला आणि त्याची बायको, दोघांनाही ऐकू येत नसे. सीमेजवळच्या एका गावात त्यांचं छोटं दुकान होतं, वर दोन खोल्या. घड्याळ चालू झालं की नाही ते तो काचेवर बोटाचं टोक ठेवून ओळखायचा. वर्षातून एकदा दोघं दादाकडे यायची, आणि तीन-चार दिवस त्या घरात कुणाचे हात थांबत नसत. ताई त्याच्या बायकोला वहिनी म्हणायची. वहिनी तिला अभिमानाने सांगायची की आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, टीव्हीतली ती बाई आमची आहे.

लाल पट्टीवरचा आकडा चौतीसवर पोचला. शुक्रवारी दुपारी चॅनेलमध्ये पळापळ सुरू झाली. मेकअपच्या खोलीत ताईने बातमीदारांचं बोलणं ऐकलं. सीमेवरच्या गावात थांबलेली चॅनेलची गाडी आणि माणसं चाळीस किलोमीटर मागे बोलावून घेतली होती. तिकडे फोन आणि इंटरनेट सकाळपासून बंद होतं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आपल्याच माणसांना मागे घेतलं म्हणजे कळलं काय ते. दोन दिवसांत सुरू." दुसरा म्हणाला, "हे बोलायचं नाही, पत्रक आलं आहे."

ताईने दादाला निरोप टाकला. घड्याळवाल्याशी बोलणं होतंय का बघ. दादाचं उत्तर आलं की सकाळपासून काहीच जात नाही.

सहाला मंत्री आले. मागे झेंडे, पुढे फुलं. "ही मर्यादित मोहीम असेल," ते म्हणाले. "सीमाभागातल्या नागरिकांनी घरं सोडून जाऊ नये. काळजीचं काहीही कारण नाही. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल."

ताई हिरव्या पडद्यासमोर, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर उभी होती. त्या क्षणी तिला अगदी स्वच्छ कळलं की तिकडे फोन पोचत नाही, निरोप पोचत नाही, पण हे पोचतंय. त्या दोन खोल्यांत आत्ता टीव्ही चालू आहे आणि दोघं तिच्याकडे बघताहेत. एक भुवई उचलली असती तरी वहिनीला कळलं असतं. चॅनेलमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

काचेपलीकडे प्रमुख उभा होता. ताईने हात उचलले. काळजी. कारण. नाही. घर. सोडू. नका. चेहरा कोरा होता.

बसमध्ये तिने स्वतःला सांगितलं की घड्याळवाला शहाणा आहे, शेजारीपाजारी बघून निघेल तो. दादाला तिने गाडी मागे बोलावल्याचं सांगितलं. आपण काय केलं ते मात्र सांगितलं नाही. तो बघतच होता म्हणा.

रविवारी भर दुपारी आपल्या तोफा सुरू झाल्या, आणि तासाभरात पलीकडून उत्तर आलं. चॅनेलने पट्टी बदलली. आता तिच्यावर "घुसून मारलं" असं होतं. सीमेवरच्या गावांचं नाव दोन दिवस कुणी काढलं नाही.

बुधवारी दादाच्या फोनवर एक फोटो आला. कुठल्या तरी शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला सरकवलेली, जमिनीवर गाद्या, आणि एका गादीवर घड्याळवाला. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत.

ती शाळा त्यांच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. गुरुवारी सकाळी दोघं भावंडं तिथे गेली. दारावर नावं लिहून घेणारा एक कारकून होता. आत शंभरेक माणसं असतील, पोरांची रडारड, ओल्या कपड्यांचा वास. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती पुढे झाली नाही. दादा घड्याळवाल्याजवळ खाली बसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसता बसून राहिला. घड्याळवाल्याने डाव्या हाताने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. उजव्या हाताची सवय असलेला माणूस, एका हाताने त्याचं बोलणं तोतरं झालं होतं. आपल्या पट्टीकडे बघून त्याने तीन बोटं दाखवली आणि ती मुडपून घेतली. तेवढी गेली होती.

ताई वहिनीसमोर बसली.

"शनिवारी सगळी गल्ली निघाली," वहिनीचे हात सावकाश बोलत होते. "सामान बांधताना दिसली. हा म्हणाला, आपणही जाऊ. मी म्हटलं, नाही. मी काल बघितलंय. तिने सांगितलंय, काळजीचं कारण नाही. दादाची बहीण आपल्याला खोटं कशाला सांगेल?"



"शेजारची दाराशी येऊन हातवारे करत होती. मी तिला टीव्हीकडे बोट दाखवलं. ती गेली." वहिनीने पदराने नव्हे, मनगटाने डोळे पुसले. "आम्हाला तोफेचा आवाज येत नाही. जमीन हलली तेव्हा कळलं. हा दुकानात खाली होता."

मग तिने सरळ ताईच्या तोंडाकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

काहीही सांगता आलं असतं. मी फक्त त्यांचे शब्द सांगते, असंही सांगता आलं असतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

"हो," ताई म्हणाली. "दुपारीच कळलं होतं."

वहिनीने मान हलवली, जणू तिने पत्ता विचारला होता आणि तो मिळाला. एका शब्दानेही तिने ताईला दोष दिला नाही. ताईला वाटलं, दिला असता तर बरं झालं असतं.

शेवटी वहिनीनेच तिच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. "डॉक्टर येतो आणि तोंड हलवून जातो. आम्हाला काही कळत नाही. पुन्हा कापावं लागणार आहे का, एवढं विचार त्याला."

मग दिवसभर ताईने तेच केलं. डॉक्टरला विचारलं, नर्सला विचारलं, कारकुनाला फॉर्म कसा भरायचा ते विचारलं. पुन्हा कापावं लागणार नव्हतं. पण बारीक काम त्या हाताने होणार नाही, हेही तिलाच सांगावं लागलं. घड्याळवाल्याने ते बघितलं आणि कपाळावर आठी घालून डॉक्टरऐवजी तिलाच विचारलं, "नक्की?" डॉक्टर नक्की म्हणाला होता. तिने चेहऱ्यासकट तसं सांगितलं.

पाचला ती चॅनेलमध्ये पोचली. सहाला मंत्री आले. "सफाई मोहीम यशस्वी झाली आहे," ते म्हणाले. "आपल्या बाजूला नगण्य हानी झाली आहे."

ताईने हात उचलले. मंत्री सांगतात की पलीकडच्या गावांवर बॉम्ब टाकले, तिथली माणसं मेली. किती, ते सांगत नाहीत. आपल्या बाजूचीही घरं पडली, माणसं जखमी झाली. त्याला ते थोडं म्हणतात. 'थोडं' म्हणताना तिच्या चेहऱ्याने ते किती होतं तेही सांगितलं. सीमेजवळ कुणी अजून असाल तर मंत्री थांबा म्हणतात, पण चॅनेलची माणसं तिथून निघून गेली आहेत. हे शेवटचं मंत्री म्हणाले नव्हते. एकोणीस वर्षांत तिने पहिल्यांदाच पदरचं वाक्य घातलं.

कुणी काही बोललं नाही. शुक्रवारी तिने तसंच केलं, शनिवारीही. निवेदक शेजारच्या स्टुडिओत टेबल आपटत होता, आणि कोपऱ्यातली बाई काय सांगते आहे ते त्या इमारतीत कुणालाच कळत नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

सोमवारी हिरवा पडदा गुंडाळून ठेवलेला दिसला. प्रमुख स्वतः दारात उभा होता.

"चौकट काढली आहे," तो म्हणाला. "तांत्रिक कारणाने, असं पत्रकात लिहिलंय. तुम्हाला दुसऱ्या विभागात बसवतील. नाहीतर लवकर निवृत्ती घ्या, मी सही करून घेतो."

"पुन्हा सचिवांचा फोन?"

"शनिवारी रात्री आला." तो थोडा घुटमळला. "मला तुमची भाषा येत नाही, ताई. पण गुरुवारी तुम्ही उभ्या राहिलात तेव्हाच मला कळलं होतं. चेहऱ्यावरून. मी बोललो नाही."

"मग आता का सांगताय?"

"असंच," तो म्हणाला. "कुणाला तरी सांगावंसं वाटलं." त्याच्या मागे फोन वाजायला लागला आणि तो आत गेला.

ताईने निवृत्ती घेतली. निवेदकाने तिला निरोप देताना हळू आवाजात सांगितलं की तुम्ही सांगितलेल्या तेलाने गुडघा बराच बरा आहे.

त्यानंतर रोज सहाला ती कर्णबधिर मंडळाच्या सभागृहात उभी राहायला लागली. कल्पना दादाची. त्याने भिंतीवरच्या टीव्हीशेजारी एक लाकडी खोकं ठेवलं, मागच्या लोकांना दिसावं म्हणून. पहिल्या दिवशी नऊ जण आले, दुसऱ्या दिवशी बावीस. कुणीतरी तिचं बोलणं फोनवर टिपून गावोगावच्या मंडळांना पाठवायला सुरुवात केली. घड्याळवाला आणि वहिनी आता दादाच्या घरीच होती. वहिनी सभागृहात यायची, पण शेवटच्या रांगेत बसायची, आणि ताईशी कामापुरतंच बोलायची. ताईने त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

युद्ध काही थांबलं नाही. मर्यादित मोहिमेचा पहिला टप्पा झाला, मग दुसरा. लोक आधी मोजत होते, मग मोजेनासे झाले. चॅनेलवर तेच झेंडे आणि तोच आवाज, फक्त निवेदकाचा घसा बसायला लागला होता. ताईलाही त्याच त्या गोष्टी सांगून थकवा यायचा. आज कुठे पडलं, आज किती, आज मंत्री त्याला काय म्हणाले. कधी कधी तिचे दंड भरून यायचे आणि ती खोक्यावरून उतरून तशीच खुर्चीत बसायची.

अशाच एका संध्याकाळी, दुसऱ्या टप्प्यातल्या कुठल्या तरी दिवशी, पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सुताराने हात वर केला.

"मंत्री पुरे झाले," तो म्हणाला. "उद्या हवा कशी असेल ते सांग. मला बाहेर फळ्या वाळत घालायच्या आहेत."

दोघा-तिघांनी मान डोलावली. ताईने वळून पडद्याकडे बघितलं. बातम्यांच्या शेवटी हवामान आलंच होतं. सकाळी धुकं, दुपारी लख्ख ऊन, संध्याकाळकडे पश्चिमेचा वारा. तिने धुकं सांगितलं तेव्हा डोळे बारीक केले, ऊन सांगितलं तेव्हा सगळा चेहरा वर उचलला, आणि वारा हळू हळू बोटांतून सोडला. सुताराने ते नीट बघून घेतलं आणि वारा केव्हा सुटेल ते पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

मग ती खाली उतरली. दादा खुर्च्या एकावर एक रचायला लागला. वहिनी मागून उठून आली आणि दुसऱ्या बाजूने खुर्च्या उचलायला लागली. तिघांनी मिळून सभागृह आवरलं, दिवे बंद केले आणि तिघं घरी निघाली.